दोन्हीकडची जर्सी हिरवीच

ड्रोहेडा, आयर्लंड
११ ऑक्टोबर २०२०

प्रिय पुरुषोत्तम,

हे पत्र हातानेच लिहितो आहे. टपालाचं हल्ली काही खरं नाही, म्हणून माझी सून नंदिनी या कागदांचा फोटो काढून तुझ्या पुतण्याच्या, शिरीषच्या, फोनवर पाठवील. त्याचं छपाईचं दुकान आहेच, तो तुला मोठ्या अक्षरात छापून देईल. शाईचा वास तेवढा पोचायचा नाही.

फेब्रुवारीत नातवाला भेटायला म्हणून आलो, तो साथीमुळे इथेच अडकलो. माझा राजीव डॉक्टर, त्यामुळे रोज इस्पितळात जातो. सकाळी तो दार ओढून घेतो तेव्हा माझ्या छातीतही काहीतरी ओढल्यासारखं होतं. संध्याकाळी मागच्या दाराने येतो, कपडे यंत्रात टाकतो, अंघोळ करतो आणि मगच आमच्यात बसतो. तोवर मी खिडकीशी बसून शाळेत शिंत्रे मास्तरांनी चालीवर पाठ करून घेतलेल्या कविता मनातल्या मनात म्हणतो. पूर्ण कविता न अडखळता झाली तर राजीव सुखरूप येणार. एखादी ओळ अडली तर आज काहीतरी होणार. वेडेपणा आहे, मला कळतं. पण तुझ्याशिवाय हे सांगू कुणाला?

आता मुख्य गोष्ट. आमचा रणजित सतरा वर्षांचा झाला आणि फुटबॉल असा खेळतो की पाहताना मला शाहू स्टेडियमची लाल माती दिसू लागते. डाव्या बगलेने निघाला की तुझीच आठवण. तर झालंय असं, की त्याला दोन देशांनी बोलावलंय. त्याचा जन्म न्यूरीचा. राजीव तेव्हा तिथे नोकरीला होता. न्यूरी इथून अर्ध्या तासावर, पण ते उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचं राज्य. मध्ये ना फाटक ना शिपाई. रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं, देश बदलला. त्यामुळे तिकडच्या संघालाही तो चालतो आणि इकडच्यालाही. तिकडच्यांनी आधी सरावाला बोलावलं, तो जाऊन आला. मग इकडच्यांचंही बोलावणं आलं. वसंतापर्यंत काय ते सांगायचंय. फोटो सोबत आहे. तिकडच्या सरावाची जर्सी आहे ती, पण इकडचीही हिरवीच.

सगळे आनंदात आहेत. मला मात्र भीती वाटते. तू आपल्या घोडेगल्लीच्या तालमीचा संघ सोडून चांदणी चौकाच्या तालमीची जर्सी घातलीस, आणि त्या सामन्यानंतर स्टेडियमच्या मागे आपल्याच गल्लीच्या पोरांनी तुला गाठलं. मी तुझी सायकल धरून उभा होतो. तुझ्या गुडघ्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

तुझा,
बाळासाहेब

*

कोल्हापूर
५ नोव्हेंबर २०२०

प्रिय बाळ्या,

सातासमुद्रापलीकडे गेलास तरी भित्रा तो भित्राच राहिलास. शाळेत मारक्या म्हशीला भिऊन अख्खा वळसा घालून यायचास, वर आम्हाला सांगायचास की निसर्ग बघत आलो!

आरं, पोरगं देशाकडनं खेळणार आणि तू गुडघे कसले मोजतोस? फोटो बघितला. उभा राहण्याची ढबच सांगते. जर्सी घालून मैदानात उतरला, म्हणजे ठरलंच की. लई भारी वाटलं. शिरीषला पत्र वाचून दाखवलं, तर तो दुकानातनं उठून नाचायलाच लागला. त्याच्या डोक्यात एक बेत आहे. तुला सांगू नको म्हणालाय, म्हणून सांगत नाही. दिवाळीत कळेल.

माझी तब्येत बरी. पाय ओढतोय नेहमीसारखा. राजीवला जपून राहायला सांग. आणि तू त्या कविता नुसत्या म्हण, त्यांना कौल लावत बसू नकोस. मास्तरांनी त्या त्यासाठी शिकवल्या नव्हत्या.

तुझा,
पुरुष्या

*

ड्रोहेडा
२ डिसेंबर २०२०

पुरुषोत्तम,

आज ‘प्रिय’ लिहायला हात उठत नाही. लिहिलंय असं समज.

शिरीषचा बेत कळला. भर चौकात, खांबाला बांधलेला फ्लेक्स. रणजितचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं, मागे ब्रिटनचा झेंडा फडफडतोय, वर मुकुट, शेजारी डरकाळी फोडणारा सिंह. ‘उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ आणि खाली शुभेच्छुक म्हणून तुम्ही सगळे, तूसुद्धा, गॉगल लावून. निवड कुठे झाली, पुरुषोत्तम? कोण म्हणालं निवड झाली?

कुणीतरी त्याचा फोटो काढला. तो डब्लिनजवळ सँडीफोर्डला राहणाऱ्या एका बाईंच्या फोनवर आला. त्या बिचाऱ्यांनी कौतुकाने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून कुणाच्या मुलाने मित्राला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत रणजितच्या क्लबातल्या पोरापोरांकडे पोचला. मराठी कुणाला वाचता येत नाही, पण झेंडा वाचायला काय लागतं?

तुला कल्पना नाही हे गाव कसं आहे. माणसं फार प्रेमळ. आजारी पडलो तर शेजारीण दारात सूप ठेवून जाते. पण पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी इथे केलेली कत्तल अशी सांगतात की परवाच झाली असं वाटावं. आणि त्याच गावातला, त्यांच्याच क्लबात वाढलेला मुलगा त्या झेंड्यापुढे हसत उभा!

क्लबातली पोरं आधी नुसती चिडवत होती, ‘युअर मॅन, राणीचा शिलेदार!’ म्हणून. इथे ‘युअर मॅन’ म्हणजे ‘हा पठ्ठ्या’. मग नाव नसलेले निरोप यायला लागले. एकात लिहिलं होतं, ‘तुझा बाप कोणत्या इस्पितळात असतो ते ठाऊक आहे. घरही ठाऊक आहे.’ रणजित हसतो. विचारलं की ‘इट्स ग्रँड, आजोबा’ म्हणतो. इथे सगळं ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, ताप ग्रँड. पण तो आता नदीकाठच्या वाटेने येत नाही. आणि बुटाच्या नाड्या बांधताना मान वर करून खिडकीबाहेर बघतो. मी सगळं पाहतो आहे.

आज दोन ओळी अडल्या.

बाळासाहेब

*

कोल्हापूर
९ डिसेंबर २०२०

प्रिय बाळ्या,

शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. कमी पडल्या तर फोन कर, तोंडानं घाल.

शिरीषला बोल लावू नकोस, चूक माझी. आपल्याकडं जर्सी घालून मैदानात उतरलास की हंगामभर तू त्या तालमीचा. बघून येतो, मग सांगतो, असला प्रकार आपण कधी ऐकलाय का? त्यानं त्यांची जर्सी घातली हे वाचलं आणि मी धरूनच चाललो. पुढं वसंतापर्यंत सांगायचंय असं तू लिहिलं होतंस, ते मला मानधनाबिनधनाचं बोलणं वाटलं. झेंडा शिरीषनं शोधला. दोन-तीन होते, त्यातला उठून दिसणारा घेतला. सिंह त्यानं पदरचा टाकला.

मी स्वतः उभा राहून फ्लेक्स उतरवून घेतला. परसात सरपणावर टाकलाय, तोंड खाली करून. पोराचं तोंड मातीकडं करायची पाळी आली माझ्यावर.

रणजितला सांग, तुझा कोल्हापूरचा आजोबा कान धरून उभा आहे. त्याचं काय म्हणणं पडतंय ते कळव. राजीव काय म्हणतो? पोलिसात गेलात का? बाळ्या, पत्र लवकर लिही रे.

पुरुष्या

*

ड्रोहेडा
१४ फेब्रुवारी २०२१

प्रिय पुरुषोत्तम,

लवकर लिहिणं जमलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही घडेल, म्हणून थांबलो होतो.

गेल्या आठवड्यात सकाळी नंदिनी कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला गेली आणि तशीच परत आली. चेहरा पांढरा. फाटकाला एक जर्सी अडकवली होती, उभी कापलेली, कात्रीने, शिस्तीत. रंग हिरवा. छातीवरचं बोधचिन्ह कापून काढलेलं, म्हणजे इकडची की तिकडची तेही कळायला मार्ग नाही. दव पडून ओली झाली होती आणि बाह्या वाऱ्यावर हलत होत्या. मला एकदम स्टेडियमच्या मागची भिंत दिसली.

राजीवने पोलिसाला बोलावलं. इथे पोलिसाला गार्डा म्हणतात. तरुण मुलगा होता. दारातच उभा राहून त्याने चहा घेतला, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, ‘टवाळ पोरं असतील. यू'ल बी ग्रँड.’ जाताना मात्र फाटकाची कडी नीट लागते का ते दोनदा पाहून गेला. तेव्हापासून मी जास्तच घाबरलो.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे जमलो. मी म्हटलं, ‘रणजित, तू कुणाकडूनच खेळू नकोस. अभ्यास कर, बापासारखा डॉक्टर हो.’

राजीव म्हणाला, ‘बाबा, त्याला बोलू द्या.’

रणजित ओट्याला टेकून उभा होता. तो इंग्रजीतच बोलतो, मी माझ्या भाषेत लिहितो. म्हणाला, ‘आजोबा, मला इकडूनच खेळायचं होतं. पहिल्यापासून. नॉर्थवाल्यांनी बोलावलं म्हणून गेलो, आणि ती मुलंही चांगली होती. पण मी मोठा इथे झालोय. माझं ठरलं होतं. मी त्यांना हो म्हणणारच होतो, तेवढ्यात ते पोस्टर आलं.’

मला हायसं वाटलं. ‘अरे, मग म्हण ना हो! सगळा प्रश्नच मिटला!’

‘आता?’ तो म्हणाला. ‘आता हो म्हटलं तर सगळे म्हणणार, जर्सी कापली आणि डॉक्टरचा पोरगा सरळ झाला. ज्याने कापली तो तर हसत हसत सांगत फिरेल. माझं आधीच ठरलं होतं, हे कोण खरं मानेल?’

‘मग काय, हट्टाने नॉर्थला जाणारेस? दॅट्स मॅड, रणजित!’ नंदिनी म्हणाली.

‘मे बी,’ म्हणाला आणि निघून गेला.

पुरुषोत्तम, मला वाटत होतं की आम्ही दोघे एकाच गोष्टीला भितो आहोत. तसं नाही. मार बसेल ही भीती माझी आहे. त्याला भीती आहे ती भ्याला असं म्हटलं जाण्याची. या दुसऱ्या भीतीवर मला काही औषध ठाऊक नाही. हट्टाने तिकडे गेला तर आयुष्यभर नको त्या जर्सीत खेळेल. आणि एकदा मोठ्यांच्या संघातून उतरला की मग सहजासहजी फिरता येत नाही म्हणतात. इकडचे प्रशिक्षक मे अखेरपर्यंत थांबायला तयार आहेत.

तू त्याच्या जागी उभा राहिलेला आहेस. काहीतरी लिही.

तुझा,
बाळासाहेब

*

ड्रोहेडा
१२ एप्रिल २०२१

प्रिय पुरुषोत्तम,

तुझं उत्तर नाही. शिरीषही फोन उचलत नाही. भारतातल्या साथीच्या बातम्या बघवत नाहीत.

इथल्या बातम्यांत परवा उत्तरेत बेलफास्टला पोरांनी बस पेटवलेली दाखवली. रणजितएवढीच पोरं, तोंडाला फडकी बांधलेली. त्याने टीव्ही बंद केला नाही, बघत राहिला. नंतर म्हणाला, ‘मी नॉर्थला हो सांगून टाकतो. म्हणजे भ्यालो असं कुणी म्हणणार नाही.’ राजीवने मे अखेरपर्यंत थांब म्हणून त्याच्याकडून शब्द घेतलाय. तो पाळतोय, पण किती दिवस पाळेल?

संपूर्ण कविता म्हणून झाली असा दिवस महिनाभरात आलेला नाही. तुझं काही बरंवाईट तर नाही ना, पुरुष्या? एक ओळ तरी धाड.

बाळासाहेब

*

कोल्हापूर
८ मे २०२१

प्रिय बाळ्या,

आहे, आहे. इतक्यात जात नाही. घरात सगळ्यांना कोरोना झाला. मला इस्पितळात ठेवलं होतं, नळी लावून. आता घरी आलोय. शिरीष बरा आहे. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे.

नळी लावून पडल्यावर दुसरा उद्योग नसतो. तुझं फेब्रुवारीचं पत्र उशाशी होतं. आता रणजितला वाचून दाखवण्यासाठी लिहितोय. त्याला म्हणावं, नीट ऐक.

बाळ्या, तू समजतोस की गुडघा फुटला म्हणून माझा खेळ सुटला. अख्खी गल्ली तेच समजते. गुडघा दुसऱ्या दिवाळीला बरा झाला होता. तू तेव्हा पुण्याला शिकायला होतास. डॉक्टरनं सांगितलं, पळ आता. मी पहाटे रंकाळ्याला पळायचो, कुणी बघायच्या आत.

चांदणी चौकात माझा जीव रमला नव्हता. माणसं वाईट नव्हती. पण गोल मारला की मान आपोआप घोडेगल्लीच्या पोरांकडं वळायची, आणि ती गप्प बसलेली असायची. मला परत यायचं होतं. आपल्या वस्तादांना ते न सांगता कळलं. त्यांनी निरोप धाडला, ‘तुझी जर्सी खुंटीला आहे. ये. पोरांचं मी बघतो.’

मी गेलो नाही. का, तर गल्ली म्हणाली असती, दणका बसला तसा मुकाट्यानं परत आला. ज्यांनी मारलं ती हसली असती. रणजित आज म्हणतोय, शब्द न् शब्द तेच. मग इकडं नाही आणि तिकडंही नाही. पाय ओढत चालायचो तेवढं चालू ठेवलं. लंगडणाऱ्याला कुणी विचारत नाही, का खेळत नाहीस म्हणून. पुढं पायाला तीच सवय लागली. तालमीसमोरून जायला नको म्हणून आजवर मी मंडईत वळसा घालून जातो. तुझ्या म्हशीला मी हसलो, बाळ्या, पण तुझा वळसा चार दिवसांचा होता.

पोरा, ती माणसं हसतीलच. तू इकडं आलास तरी हसतील, तिकडं गेलास तरी काहीतरी बोलतील. मारणारी पोरं मला एका संध्याकाळपुरती भेटली होती. पण ती काय म्हणतील याला भिऊन मी उरलेली सगळी वर्षं त्यांच्या हातात दिली. ती तर कधीच विसरून गेली. त्यातला एक दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होता. मला ओळखलंसुद्धा नाही.

जर्सी खुंटीला आहे तोवर जा.

तुझा दुसरा आजोबा,
पुरुषोत्तम

*

ड्रोहेडा
२० जून २०२१

प्रिय पुरुषोत्तम,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ते रणजितला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये मला दोनदा थांबावं लागलं, माझ्याच कारणाने. मी तुझी सायकल धरून उभा होतो आणि इतकी वर्षं मला काहीच ठाऊक नव्हतं.

वाचून झालं. तो बराच वेळ पंजाखाली चेंडू घोळवत बसला. मग विचारलं, ‘पुरुषोत्तम आजोबांनी शेवटचा गोल कोणत्या पायाने मारला होता?’ मी म्हटलं, ‘डाव्या.’ ‘थॉट सो,’ म्हणाला आणि परसात गेला. काचेतून मला तो कानाला फोन लावून येरझारा घालताना दिसला. आधी उत्तरेकडच्या प्रशिक्षकांना केला. त्यांना स्वतः सांगायला हवं म्हणाला. मग इकडच्यांना. आत आला तेव्हा ओठ कोरडे पडले होते. नंदिनीने प्रेस उघडून बिस्किटांचा डबा काढला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

दोन दिवसांनी निरोप आला, नाव नसलेला. दोनच शब्द, ‘सेन्सिबल लॅड’. शहाणा मुलगा. ज्याची त्याला धास्ती होती, नेमकं तेच. त्याने फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं आता हा फिरणार. त्याचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, ‘दे डिड लाफ, देन.’ हसलेच म्हणजे. आणि बुटांना चिकटलेला चिखल चमच्याच्या दांड्याने खरवडायला बसला. या वेळी खिडकीकडे पाहिलं नाही. खिडकीकडे मीच पाहत होतो.

काल इकडच्या संघाचा आपसातला सराव सामना होता. प्रेक्षकांना बंदी. राजीवची ड्युटी होती, म्हणून नंदिनीने गाडी मैदानाच्या कुंपणाबाहेर लावली आणि आम्ही दोघं आत बसून राहिलो. इथे जूनमध्ये संध्याकाळ संपतच नाही. कुंपणापलीकडे फक्त आवाज येत होते. शिट्टी, बुटाचा ठोका, कुणीतरी कुणाला ओरडलेलं. मी कविता म्हणायला घेतली. मध्यावर आलो आणि ओळ अडली. पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, पुन्हा तिथेच. तेवढ्यात आत शिट्टी वाजली आणि सगळं एकदम शांत झालं. पुरुषोत्तम, तसली शांतता मी एकदाच ऐकली आहे. गुडघ्याच्या त्या आवाजानंतरची.

आणि एक माणूस रस्ता ओलांडून सरळ आमच्या गाडीकडे आला. डोक्यावर टोपी, हात खिशात. त्याने काचेवर टकटक केलं. मी नंदिनीचा हात घट्ट धरला. तिने काच चार बोटं खाली घेतली.

‘अकरा नंबरचा मुलगा तुमचा का?’ त्याने विचारलं.

तिने बोट काचेच्या बटणावरच ठेवलं. मीच इंग्रजीत ‘येस’ म्हटलं.

‘पाय मुरगळल्यासारखा झाला होता, पण उठला. परत खेळतोय,’ तो म्हणाला. ‘माझा पोरगा गोलकीपर आहे. मी झाडावर चढून पाहतोय. म्हटलं, तुम्ही काळजीत असाल.’ आणि पुन्हा रस्ता ओलांडून झाडाकडे गेला.

रणजित बाहेर आला तो किंचित लंगडत. मी पाहिलंच. गाडीत बसला, बूट काढले. मी अजून ती ओळ शोधत पुटपुटत होतो. शब्द त्याला येत नाहीत, पण लहानपणी मी मांडीवर घेऊन म्हणायचो त्यामुळे चाल पाठ आहे. त्याने मागच्या सीटवरून ती पुढची ओळ नुसती गुणगुणली आणि मला शब्द सापडले. मग म्हणाला, ‘आजोबा, सीटबेल्ट.’

भीती गेलेली नाही. घरी येईपर्यंत मागे कुणाची गाडी आहे का, हे मी आरशात पाहत होतो. फाटकाची कडी आता मीच लावतो.

तू कसा आहेस? आणि शिरीषला सांग, फ्लेक्स नको.

तुझा,
बाळासाहेब

*

कोल्हापूर
३ ऑक्टोबर २०२१

प्रिय बाळ्या,

पत्राला उशीर झाला. जुलैत पुराचं पाणी शिरीषच्या दुकानात शिरलं, ते निस्तरण्यात महिने गेले. माझं सरपण मात्र कोरडं राहिलं, तुझ्या नातवाच्या कृपेनं. परवा तो फ्लेक्स सुलटा केला. शिरीषनं झेंडा, मुकुट, सगळं डांबरानं रंगवून काढलं. सिंह ठेवू का म्हणून विचारत होता. पोराचं तोंड तेवढं राहू दिलंय, आभाळाकडं.

रणजितचा आयर्लंडकडनं पहिला सामना शिरीषनं फोनवर लावून दिला होता. एवढ्याशा पडद्यावर दिसत काही नव्हतं. मी तरी बघत बसलो.

आणि एक सांगायचंय. काल मंडईत निघालो आणि वळसा घेतला नाही. सरळ घोडेगल्लीतनं गेलो. तालमीपाशी आल्यावर उभा राहिलो. छातीत तुझ्यासारखं झालं. कुणीतरी आता ओरडणार, आला बघा, असं वाटलं. कुणी ओरडलं नाही. मला ओळखणारं तिथं कुणी राहिलेलंच नाही. पायरी चढून आत गेलो. खुंट्या त्याच आहेत. त्यांवर आता पोरांच्या पिशव्या असतात.

एक चिरकूट पोरगं चेंडूत हवा भरत होतं. म्हणालं, ‘आजोबा, कुणाला भेटायचंय?’

मी म्हटलं, ‘चेंडू टाक इकडं.’

त्यानं बिचकतच टाकला. मी डाव्या पायानं परत दिला. सरळ गेला, बाळ्या. देवाशपथ, सरळ गेला.

पोरगं माझ्या पायाकडं बघून म्हणालं, ‘लंगडताय की तुम्ही.’

मी म्हटलं, ‘सवय आहे. जाईल.’

तुझा,
पुरुष्या